छत्तीसचा आकडा

२००२ च्या दिवाळीत न्यू जर्सीची मावशी पुण्याला आली, तेव्हा तिच्या बॅगेत नेहमीची बदामाची पाकिटं, चॉकलेटं, आजीसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि एक डीव्हीडी होती. आमच्याकडे डीव्हीडी प्लेअर नवानवा आलेला. त्याच्यावर आईने विणलेला रुमालसुद्धा अजून घातला नव्हता. जेवणं उरकून सगळे बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसले. तबकडी खणात ठेवली, खण आत गेला, आतून घुर्र असा आवाज आला आणि निळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: रीजन चुकीचा आहे. बाबांनी तबकडी बाहेर काढून बनियनला पुसली आणि पुन्हा घातली. तीच ओळ. "अगं ताई, आमच्याकडे तर छान चालते," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात अपराधीपणा होता. शेवटी केबलवर जे लागलं होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

सिनेमा कंपन्यांनी जगाची सहा भागांत वाटणी केली आहे, हे मला पुढे कळलं. अमेरिका आणि कॅनडा पहिल्या विभागात. आपण पाचव्यात, आफ्रिका, रशिया आणि पाकिस्तानच्या पंगतीला. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालू नये अशी ती व्यवस्था होती. ती पाळली जावी म्हणून तबकडीतल्या चित्रपटाला कुलूप घातलेलं असे आणि ते उघडायची किल्ली प्लेअर बनवणाऱ्याला करारावर सही केल्यावरच मिळे. विभाग पाळायची अट त्याच करारातली. कुलपाचं नाव कन्टेन्ट स्क्रॅम्बल सिस्टीम, थोडक्यात सीएसएस.

आमची संध्याकाळ वाया गेली याचं दुःख आता उरलेलं नाही. पण या कुलपाचा माग काढत गेलं की एका अशा जागी पोचायला होतं, जिथे एक आख्खा देश एका संख्येशी भांडत असतो. संख्येशी म्हणजे संख्येशीच. तीन, सात, अकरा असते तशा संख्येशी.

कुलूप मुळात कच्चं होतं. त्याची किल्ली ४० बिटांची, म्हणजे शक्य किल्ल्या साधारण एक लाख दहा हजार कोटी. माणसाने मोजायला बसलं तर हा आकडा अफाट आहे, संगणकाला मात्र तो फार जड नाही. त्यात रचनाही दुबळी असल्यामुळे प्रत्यक्षात याहून बरेच कमी कष्ट पुरत. एवढं लहान कुलूप लावलंच कसं, असं वाटेल. त्या काळी अमेरिकेबाहेर विनासायास पाठवता येणाऱ्या कुलपांची मर्यादाच ४० बिट होती. त्यापेक्षा मजबूत कुलूप म्हणजे युद्धसामग्री! ही गंमत नाही. त्याकडे येतोच.

१९९९ च्या ऑक्टोबरात नॉर्वेतल्या यॉन लेक योहानसन या मुलाने, दोन निनावी साथीदारांच्या कामाच्या जोरावर, हे कुलूप उघडणारा एक छोटासा प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवला. वय १५. नाव डीसीएसएस. लिनक्स वापरणाऱ्यांची त्या वेळी मोठी पंचाईत होती. त्यांच्याकडे विकत घेतलेली तबकडी होती, ती वाचणारं यंत्र होतं, पण अधिकृत किल्ली असलेला प्लेअर लिनक्सवर नव्हता. जानेवारी २००० मध्ये पोलीस या मुलाच्या घरी येऊन त्याचे संगणक घेऊन गेले. पुढे खटला चालला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतः बघण्यात गुन्हा नाही असं म्हणून ओस्लोच्या न्यायालयाने २००३ च्या जानेवारीत त्याला सोडलं आणि वरच्या न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सोडलं.

अमेरिकेत वारं उलट्या दिशेचं होतं. तिथे १९९८ साली झालेल्या कायद्याने असली कुलपं उघडण्याची साधनं वाटायला बंदी घातली होती. '२६००' या हॅकर मंडळींच्या मासिकाने डीसीएसएस प्रसिद्ध केला म्हणून स्टुडिओंनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. ऑगस्ट २००० मध्ये न्यायमूर्ती लुइस कॅप्लन यांनी मासिकाला तो छापायला मनाई केलीच, शिवाय तो जिथे मिळतो त्या ठिकाणाकडे दुवा द्यायलाही मनाई केली. कॅलिफोर्नियात दुसरा दावा चालू होता, व्यापारी गुपित फोडल्याचा. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. कुठलं गुपित फुटलं हे न्यायालयाला दाखवायचं म्हणून दावा लावणाऱ्यांच्या वकिलांनी तो प्रोग्रॅम कागदपत्रांना जोडला. न्यायालयाची कागदपत्रं कोणालाही बघता येतात, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. मग धावतपळत अर्ज, की कृपा करून आमचीच कागदपत्रं सीलबंद करा.

या मनाईवर लोकांनी काढलेला तोडगा बघण्यासारखा होता. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणारे डेव्हिड टुरेट्झ्की यांनी या कुलूप उघडण्याच्या कृतीचं चक्क प्रदर्शन मांडलं. प्रोग्रॅमवर बंदी आहे ना? मग तोच प्रोग्रॅम साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिला तर? त्याचं चित्र काढलं तर? टी-शर्टवर छापला तर? (टी-शर्ट विकणाऱ्यांनाही कॅलिफोर्नियात प्रतिवादी केलं गेलं, तेव्हा हा प्रश्न केवळ टवाळीचा राहिला नाही.) कोणी त्याला चाल लावून गायला. सेथ शोएन या प्रोग्रॅमरने साडेचारशेहून जास्त हायकू लिहिले. एकामागून एक वाचत गेलं की कुलूप कसं उघडायचं ते पायरीपायरीने समजतं. कविता म्हणून मी त्यांना फार गुण देणार नाही, पण एवढ्या हायकूंमध्ये गणिताची एकही पायरी सुटलेली नाही, हे कुठल्या कवीला जमलंय? एमआयटीतल्या दोघांनी तर तीच कृती आखडत आखडत ४७२ बाइटांत बसवली. देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला सहसा तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने ४७२ बाइट म्हणजे मराठी मजकुराच्या दोन-तीन ओळी. एवढ्या जागेत आपल्याकडे लग्नपत्रिकेतला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' सुद्धा धड संपत नाही.

प्रदर्शनाचा प्रश्न सरळ होता. हा सगळा मजकूर आहे, आणि मजकुराच्या कुठल्या रूपाशी कायदा थांबणार? मला खरा चमत्कार दिसतो तो याच्या एक पायरी खाली, कारण मजकूर तरी काय असतो?

'घर' हा शब्द घ्या. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक नेमून दिलेला आहे. युनिकोड नावाच्या जागतिक तक्त्यात 'घ' चा क्रमांक २३२८, 'र' चा २३५२. दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले, प्रत्येकाला दोन बाइटांची जागा दिली आणि सगळं मिळून एकच संख्या म्हणून वाचलं, तर गणित असं: २३२८ गुणिले ६५,५३६, अधिक २३५२. उत्तर १५,२५,७०,१६०. पंधरा कोटी पंचवीस लाख सत्तर हजार एकशे साठ. हे 'घर' आहे. तुम्ही 'घर' टाइप करता तेव्हा फोनच्या पोटात असलंच काहीतरी साठतं. 'ज्ञानेश्वरी' ही अशीच एक संख्या आहे, अर्थात बरीच लांब. तुमच्या लग्नाचा व्हिडिओ एक संख्या आहे. भीमसेनांचा मुलतानी एक संख्या आहे. काल आलेला 'सुप्रभात'चा गुलाबाचा फोटोही. संख्यारेषेवर शून्यापासून चालत निघालात आणि थकला नाहीत, तर या सगळ्यांना वाटेत भेटाल. गुलाबाचा तो फोटो तर पुष्कळदा भेटेल.

अक्षरं आणि आकडे यांची अशी अदलाबदल आपल्याला नवी नाही. कटपयादी पद्धतीत व्यंजनांना आकडे नेमलेले असत आणि आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे असत. 'जय' शब्दात ज म्हणजे आठ आणि य म्हणजे एक, उलटं वाचलं की अठरा. महाभारताचं एक नाव जय आणि त्याची पर्वं अठरा, हा मेळ जुनी मंडळी अभिमानाने सांगतात. त्यांना आकडा लक्षात ठेवायला शब्द हवा होता. संगणकाला शब्द ठेवायला आकडा लागतो. रस्ता तोच, फक्त चालण्याची दिशा बदलली.

आता २००१ च्या मार्च महिन्यात फिल कार्मडी या गणिताच्या नादिष्टाने काय केलं ते पाहू. त्याने विचार केला: बंदी असलेला प्रोग्रॅम ही शेवटी एक संख्या आहे. पण नुसती संख्या कोण छापणार, कोण जपणार? ती स्वतःच्या हिमतीवर प्रसिद्ध व्हायला हवी. मूळ संख्यांचं तसं असतं. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच भाग जात नाही, अशा मोठ्या संख्या गणिती लोक जमवतात, त्यांच्या याद्या ठेवतात. समजा, बंदी घातलेला प्रोग्रॅम हीच एक मूळ संख्या निघाली तर?

आपसूक निघणार नाही. पण ती काढता येते, आणि युक्ती इतकी सोपी आहे की कागदाच्या चिठोऱ्यावर करून बघता येईल. समजा, बंदी असलेला आपला संदेश आहे ३६. छत्तीस काही मूळ संख्या नाही, तिला दोनाने भाग जातो, तिनाने जातो, आणखीही कशाकशाने जातो. पण समजा वाचणारा एवढा समजूतदार आहे की तो पहिले दोन आकडे वाचतो आणि पुढच्या शेपटीकडे लक्ष देत नाही. मग आपण शेपटी लावून बघायची. ३६१? ते निघालं १९ गुणिले १९. ३६३? तिनाने भाग जातो. ३६५ पाचाने फसलं. ३६७? दोनाने नाही, तिनाने नाही, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, कशानेच नाही. सापडली! ३६७ ही मूळ संख्या आहे आणि तिच्या पोटात आपला ३६ जसाच्या तसा बसलेला आहे.

कार्मडीने हेच मोठ्या मापावर केलं. प्रोग्रॅम त्याने जीझिप नावाच्या पद्धतीने दाबून लहान केला. जीझिपची फाइल उलगडताना शेवटी जोडलेला कचरा दुर्लक्षिला जातो, म्हणजे तो समजूतदार वाचणारा तयारच होता. पहिली मूळ संख्या मिळाली ती १,४०१ आकड्यांची. पण त्या काळच्या विक्रमांच्या मानाने ती लहान पडली. मोठ्या मूळ संख्यांच्या यादीत तिला कोणी उभं करणार नव्हतं. मग त्याने शेपटी लांबवली. प्रोग्रॅमची संख्या २११ बाइट डावीकडे सरकवली आणि शेवटी ९९ मिळवले. झाली १,९०५ आकड्यांची मूळ संख्या. एलिप्टिक कर्व्हच्या पद्धतीने मूळ असल्याचं सिद्ध झालेल्या संख्यांत त्या वेळी तिचा दहावा क्रमांक लागला, आणि ती अधिकृतपणे, गणिताच्या दाराने, यादीत जाऊन बसली.

एवढ्या मोठ्या आकड्यांत मूळ संख्या विरळ असतील असं वाटतं. तशा त्या असतात, पण आपण घाबरतो तितक्या नाही. १,९०५ आकडी संख्यांच्या परिसरात सरासरी चार हजार चारशेत एक या प्रमाणात त्या भेटतात. जत्रेत हरवलेला भाचा शोधण्याइतकंच ते काम आहे. पुष्कळ तोंडं बघावी लागतात, पण सापडतो. थोडक्यात, कुठलाही मजकूर घ्या, त्याला शेपटी लावून मूळ संख्येत बसवता येतो. हा लेखसुद्धा.

लोकांनी या संख्येचं नाव ठेवलं 'बेकायदेशीर मूळ संख्या'. हे टोपणनावच, कोणा न्यायाधीशाने दिलेलं नाही. पण क्षणभर ते खरं मानून पाहा. ही संख्या कार्मडीने बनवली नाही. माणूस पृथ्वीवर येण्याआधीही तिला कशाने भाग जात नव्हता. तो फक्त तिच्यापर्यंत चालत गेला.

ही सगळी करामत दुसऱ्या फेरीतली. पहिली फेरी दहा वर्षं आधी झाली होती आणि तिच्यात पणाला लागलेली गोष्ट सिनेमाहून कितीतरी मोठी होती. १९९१ साली अमेरिकी सिनेटपुढे एक विधेयक आलं. सरकारला हवा तेव्हा लोकांच्या संदेशांचा उघडा मजकूर मिळेल अशी सोय दळणवळण कंपन्यांनी ठेवावी, असा मजकूर त्यात होता. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी फिल झिमरमन नावाचा प्रोग्रॅमर राहायचा. अण्वस्त्रविरोधी चळवळीतला माणूस. दार बंद व्हायच्या आत लोकांच्या हाती कुलूप द्यायचं म्हणून त्याने घराचे पाच हप्ते चुकवून एक प्रोग्रॅम पुरा केला आणि फुकट वाटला. नाव ठेवलं प्रिटी गुड प्रायव्हसी, म्हणजे पीजीपी. नावाची कल्पना रेडिओवरच्या एका विनोदी कार्यक्रमातल्या काल्पनिक किराणा दुकानावरून सुचलेली.

पीजीपीचं कुलूप उघडणं सरकारी यंत्रणांनाही अवघड होतं, आणि तो प्रोग्रॅम बघता बघता जगभर गेला. अमेरिकेत तेव्हा मजबूत कूटलेखन युद्धसामग्रीच्या यादीत होतं, रणगाडे आणि क्षेपणास्त्रांसोबत. परवान्याशिवाय त्याची निर्यात हा गुन्हा. १९९३ मध्ये झिमरमनची चौकशी सुरू झाली आणि तीन वर्षं चालली.

आता या कायद्यातली फट बघा. फिलिप कार्न या अभियंत्याने १९९४ मध्ये सरकारला विचारलं की ब्रूस श्नायर यांचं कूटलेखनावरचं पुस्तक परदेशी पाठवू का? पुस्तकाच्या शेवटी प्रोग्रॅम छापलेले होते. उत्तर आलं, खुशाल पाठवा, पुस्तकाला बंधन नाही. मग त्याने विचारलं, त्याच पानांवरचे तेच प्रोग्रॅम फ्लॉपीवर घालून पाठवू का? उत्तर आलं, ती युद्धसामग्री आहे. तीच अक्षरं! कागदावर विचार, फ्लॉपीवर बाँब. ॲडम बॅक या इंग्रज प्रोग्रॅमरने मग अशाच एका कूटलेखनाचा प्रोग्रॅम मोजक्या ओळींत बसवला आणि तो टी-शर्टावर छापला गेला. शर्टावर खाली इशारा होता की या शर्टाची गणना शस्त्रांत होते.

झिमरमनच्या बाजूने मोठा डाव टाकला तो छापखान्याने. एमआयटी प्रेसने १९९५ मध्ये पीजीपीचा संपूर्ण प्रोग्रॅम पुस्तक म्हणून छापला. पुस्तक म्हणजे विचारस्वातंत्र्य, त्याला कोण अडवणार? पुढची आवृत्ती निघाली तेव्हा तर सहा हजारांहून जास्त पानं झाली. ती पुस्तकं राजरोस युरोपात गेली आणि १९९७ मध्ये नॉर्वेच्या स्टोल शूमाकर याच्या पुढाकाराने सत्तरच्या आसपास लोकांनी हजारावर तास खपून ती पानं स्कॅन केली, तपासली आणि त्यातून प्रोग्रॅम पुन्हा जिवंत केला.

ही पानं कशी होती ते जवळून बघण्यासारखं आहे. ज्याने कधी मुद्रितं तपासली आहेत त्याला त्यातलं दुखणं लगेच कळेल. स्कॅनर शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांत गल्लत करतो, एक आणि 'एल' यांत करतो. कथेत एखादी वेलांटी चुकली तर वाचक सांभाळून घेतो, प्रोग्रॅममध्ये एक टिंब चुकलं की सगळं कोसळतं. शिवाय कोरी जागाही महत्त्वाची, आणि कोरी जागा कागदावर दिसत नाही. म्हणून छापणाऱ्यांनी जागेलाही डोळ्यांना दिसेल अशी खूण दिली आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या ओळीवरूनच काढलेला एक ताळा छापला. स्कॅन केलेल्या ओळीचा ताळा जुळला नाही, की तेवढीच ओळ परत बघायची. आमच्या शाळेत गुणाकाराचा ताळा नऊने काढायला शिकवत, तीच जात. मला हे पुस्तक ग्रंथालयाच्या मांडणीवर कल्पनेत दिसतं तेव्हा हसू येतं. कोणी एक ओळसुद्धा वाचणार नाही अशा खात्रीने, पण अक्षरन् अक्षर नीट वाचलं जावं अशा काळजीने छापलेलं पुस्तक.

१९९६ च्या जानेवारीत झिमरमनची चौकशी आरोप न ठेवताच मिटली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत न्यायमूर्ती मॅरिलिन हॉल पटेल यांच्यापुढे डॅनियल बर्नस्टाइन या विद्यार्थ्याचा दावा होता. त्याला स्वतः रचलेली कूटपद्धत प्रसिद्ध करायची होती आणि सरकार म्हणत होतं की आधी शस्त्रांचा परवाना काढ. प्रोग्रॅम ही भाषाच आहे, तिला बोलण्याचं संरक्षण आहे, असा निर्णय पटेल यांनी दिला. वर्ष संपायच्या आत कूटलेखनाची रवानगी शस्त्रांच्या यादीतून व्यापार खात्याकडे झाली. आज बँकेचं ॲप उघडताना पडद्याआड जे कुलूप लागतं, त्याच्या मागे ही सगळी हाणामारी आहे.

मग २००७. आता गोष्ट आणखी आखडते. प्रोग्रॅमही नाही, नुसती किल्ली. एचडी डीव्हीडीच्या नव्या कुलपाची, १६ बाइटांची एक संख्या कोणीतरी शोधून काढली. तिची सुरुवात ०९ एफ९ अशी होते. कुलूपवाल्यांनी ती जिथे दिसेल तिथे काढून टाकायच्या नोटिसा पाठवल्या. डिग नावाच्या संकेतस्थळावर लोक बातम्यांना मतं देऊन वर आणत. १ मे रोजी डिगने या आकड्याच्या बातम्या काढायला सुरुवात केली, आणि लोक पिसाळले. एक काढली की दहा. संध्याकाळपर्यंत पहिल्या पानावर दुसरं काही दिसेना. रात्री संस्थापक केव्हिन रोझ यांनी हात टेकले आणि जाहीर केलं की आता काढणार नाही, जे व्हायचं ते होऊ दे. तोवर तो आकडा गाण्यात गेला होता, शर्टांवर चढला होता, कोणी गोंदवूनही घेतला होता.

त्यातला सर्वांत देखणा प्रकार झेंड्याचा. संगणकावरचा कुठलाही रंग तीन आकड्यांनी बनतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. किल्लीतले पहिले तीन बाइट लाल ९, हिरवा २४९, निळा १७ असे धरले की झगझगीत हिरवा होतो. पुढचे तीन मोरपंखी. मग गुलाबी-जांभळा, मग निळा, मग जांभळट. पाच उभे पट्टे म्हणजे पंधरा बाइट, आणि उरलेला सोळावा कोपऱ्यात अक्षरांनी. नुसत्या पाच रंगांच्या पट्ट्या, लहान मुलाच्या खडूच्या खोक्यासारख्या. त्यात कोणी म्हणेल तो गुन्हा आहे. झेंडा बनवणाऱ्याने कोणालाही तो वापरायची मोकळीक देऊन ठेवली.

इथवर वाचून तुम्ही माझ्यासारखेच त्या पोरांच्या बाजूला गेला असाल. आकड्यावर बंदी घालणं म्हणजे खुळेपणा, असं मीही बरीच वर्षं ऐटीत म्हणत असे. मग एकदा एटीएमच्या रांगेत उभा असताना ती ऐट उतरली. माझा पिन चार आकडी आहे. चार आकडी संख्या एकूण दहा हजार, ०००० पासून ९९९९ पर्यंत, आणि त्या सगळ्या तुम्हाला माहीत आहेत. म्हणजे माझा पिन तुम्हाला माहीत आहे. तरी माझे पैसे शाबूत आहेत, कारण त्यांपैकी कुठला हे तुम्हाला ठाऊक नाही. गुपित संख्येत नव्हतंच, बोट दाखवण्यात होतं. त्या १६ बाइटांच्या किल्लीचंही तेच. तशा संख्या ३४ वर ३७ शून्यं इतक्या आहेत, आणि सगळ्या सृष्टीच्या आरंभापासून तिथेच उभ्या आहेत. कोणीतरी एकीच्या खांद्यावर हात ठेवून 'हीच ती' म्हणालं, एवढंच घडलं. कोणाचा चोरलेला खासगी फोटो हीसुद्धा एक संख्याच आहे, आणि 'नुसता आकडाच तर आहे' हे तिथे मला कोणी ऐकवलं तर मी ऐकून घेणार नाही. तेव्हा कायद्याचं सगळंच चुकतं असं नाही. त्याची अडचण वेगळी आहे. दाखवलेलं बोट मागे घेता येतं, पण ज्यांनी बघितलं त्यांचे डोळे मागे घेता येत नाहीत. ज्या आकड्याकडे बघू नका म्हणाल, त्याच्याभोवती गर्दी जमते.

आपल्याकडेही सरकार आणि आकडा यांची एकदा समोरासमोर गाठ पडली. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कूटलेखन धोरणाचा मसुदा आणला. त्यात नागरिकांनी कुलूपबंद पाठवलेल्या संदेशाचा उघडा मजकूर ९० दिवस जपून ठेवावा, असं म्हटलं होतं. म्हणजे दागिने तिजोरीत ठेवा, पण त्यांचा एक जोड ओट्यावरही मांडून ठेवा. ओरड झाली. आधी व्हॉट्सॲपसारख्या सेवा वगळल्याचा खुलासा आला आणि २२ सप्टेंबरला मसुदाच मागे घेतला गेला.

तर मावशीची तबकडी. ती कपाटात, जुन्या रेशनकार्डाच्या आणि गॅसच्या पुस्तकाच्या शेजारी, दहाएक वर्षं पडून होती. एका सुट्टीत माझ्या भाच्याने ती बाहेर काढली. त्याच्या लॅपटॉपला अजून तबकडीचा खण होता. "मामा, ही चालेल की," म्हणाला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या शंकूच्या चित्रावर त्याने टिचकी मारली. व्हीएलसी. आपल्याकडे लग्नाच्या सीडीपासून डाउनलोड केलेल्या मालिकांपर्यंत सगळं ज्याच्यावर बघितलं गेलं, तो प्लेअर. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. रस्त्यावरचे शंकू गोळा करून आणायचा नाद होता त्यांना, त्यावरून ते चित्र आलं. त्याच्या पोटात सीएसएसचं कुलूप उघडणारा एक भाग असतो. तो कोणाकडे अधिकृत किल्ली मागत नाही, आपली आपण शोधून काढतो. ज्या कृतीपायी मासिकाला मनाई झाली, हायकू लिहिले गेले आणि एक मूळ संख्या बदनाम झाली, ती कृती आमच्या भाच्याच्या लॅपटॉपवर, फरसाणाच्या वाटीशेजारी, निमूट चालू होती.

खण आत गेला, घुर्र आवाज आला, आणि चित्र दिसलं. मी लगेच मावशीला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"कुठली रे डीव्हीडी?" ती म्हणाली.

सिनेमा यथातथाच होता. मध्यंतराच्या आतच भाचा झोपला.